फेट्यातला भीमाप्पा

कोंडाबाईचं निम्मं आयुष्य निपाणीला तंबाखूच्या वखारीत गेलं. मुलगा सिद्राम बेळगावात कचेरीत कारकून झाला आणि १९७९ साली ती त्याच्याकडं राहायला आली. येताना तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून एक चित्र आणलं. तिच्या वडिलांचं, भीमाप्पाचं. पेन्सिलीनं काढलेलं. सिद्रामनं त्याला काच लावून घेतली आणि बाहेरच्या खोलीत टांगलं.

चित्र देखणं होतं. जरीचा फेटा, अंगरखा, गळ्यात मोत्यांचा सर, बसायला हाताची खुर्ची. मिशा भरघोस, ओठ घट्ट मिटलेले, नजर समोर रोखलेली.

एका रविवारी सिद्रामचे साहेब चहाला आले. चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "इनामदार घराणं दिसतंय तुमचं. काय करारी चेहरा! हुकूम सोडायची सवय असलेला माणूस."

सिद्राम नुसता हसला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

चहा घेऊन आलेल्या कोंडाबाईनं ते ऐकलं. "इनामदार कुठलं, सायेब! माझा बा वखारीत पोती उचलायचा. गावच्या ड्रॉइंग मास्तरला सरदाराचं चित्र काढायचं व्हतं. त्याला बाच्या मिशा आवडल्या. फेटा, मोती, समदं नाटकातलं."

साहेब "असं होय" म्हणाले आणि बदल्यांविषयी बोलू लागले.

ते गेल्यावर सिद्राम चिडला. "काय गरज होती गं सांगायची?"

"माझा बा कोण व्हता ते सांगू नको व्हय रं?"

त्यानं चित्र उतरवून खिडकीपाशी नेलं. आजवर तो फेटा आणि मोतीच बघत आला होता. आता खाली नजर गेली. आजा खुर्चीच्या कडेवर कसाबसा टेकला होता. टाचा उचललेल्या, एका हाताची मूठ आवळलेली.

"आई, आजा भ्यालाय गं ह्यात."

कोंडाबाई शेजारी येऊन बसली. "आमच्या लोकांना घरात कोण घेतंय तवा? मास्तरनं परड्यात खुर्ची मांडली. बा जल्मात पयल्यांदा खुर्चीवर बसला. मास्तरची आई आतनं वरडत व्हती, ती कापडं आता घरात आणू नको म्हणून. मी कुंपणापाशी बसलेली. बाच्या डोसक्यावर त्यो फेटा बघून मला हसू आवरंना. बा माझ्याकडंच बघत व्हता. तो हसला असता तर मास्तर रागावला असता. म्हणून तोंड गच्च मिटलंय."

"म्हणजे हसू दाबलंय?"

तिनं चित्र जवळ ओढलं. "हसू बी असंल, भ्या बी असंल. मी आठ वर्साची पोर. मला हसूच दिसलं."

सिद्रामनं चित्र पुन्हा भिंतीवर लावलं. पुढं कधीतरी शेजारच्या अंबुबाईनं विचारलं, हे सरदार कोण म्हणून. तेव्हा कोंडाबाई भाजी निवडत होती; तिनं मान वर केली नाही. सिद्राम जरा अडखळला, मग म्हणाला, "माझा आजा. निपाणीला हमाल होता. फेटा नाटकातला आहे."

आणि खुर्ची सरकवून देत त्यानं विचारलं, "जवळून बघा की, आक्का. तुम्हाला काय वाटतंय, हसतोय का तो?"