पाटलाच्या तळव्यावरचं ग्रीस

परवा नातू गाडी गॅरेजातून घेऊन आला. त्याच्या बाहीला ग्रीसचा वास येत होता, आणि मला एकदम आमच्या गावचा पाटील आठवला.

तेव्हा आम्ही बौद्ध होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी अकोल्यात मेकॅनिक होतो. त्याआधी गावात एकदा माझ्या बापाचा हात चुकून या पाटलाच्या छकड्याला लागला, तेव्हा त्यानं सगळ्यांदेखत छकड्यावर पाणी शिंपडायला लावलं होतं. बाप मान खाली घालून उभा होता.

आता त्याच पाटलाची जुनी मोटार माझ्यापुढं उभी होती. पुढची चाकं ज्यांवर वळतात ते किंगपिन पार झिजलेले, स्टिअरिंग कुठं अन् चाकं कुठं! सामान बदलण्याआधी मालकाला शेजारी बसवून, गाडी चालवून बिघाड दाखवायचा, ही आमच्या गॅरेजची रीत. ती मी त्या दिवशी जीव लावून पाळली. बाळापूरच्या रस्त्यावरचा एक खड्डा सोडला नाही.

गाडी थडथडत समोरच्या बैलगाडीकडं ओढली गेली, तसा पाटलानं माझा दंड दोन्ही हातांनी गच्च धरला.

"हळू ना बाप्पा! मारतं का मले?"

"पाहून घ्या पाटील. मंग म्हनसान, उगाच सामान बदललं."

गॅरेज येईपर्यंत त्यानं दंड सोडला नाही. उतरल्यावर हातांचे काळे झालेले तळवे पाहत त्यानं पाणी मागितलं.

"माह्याच बाहीचं ग्रीस हाय, पाटील. पानी शिंपडून नाई जात."

त्यानं मान खाली घातली. किंगपिन मी नंतर चोख बसवले. पण ग्रीस घासलेटानं निघतं, आणि घासलेटाचा डबा माझ्या पायाशीच होता. तो मी दिला नाही. आजही देणार नाही.