राजाभाऊ उभे राहिले

आमच्या ह्यांना, म्हणजे राजाभाऊ टिल्लूंना, भिडेपायी नुकसान सोसायची जन्माची सवय. जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत वीस वर्षं काढली, पण बढती कधी तोंडाने मागितली नाही. दुसऱ्यासाठी मात्र भांडायला सदा पुढे. कुणाचं आनमेल्डुंग, म्हणजे इथली पत्त्याची नोंदणी, अडलं की तो माणूस कागद घेऊन आमच्या डायनिंग टेबलाशी हजर!

असा माणूस आमच्या गावच्या नगरपालिकेला उभा राहिला. कारण एकच, वृद्धाश्रमासमोरचा सिग्नल. बारा सेकंदांत हिरवा दिवा जायचा आणि म्हाताऱ्या रस्त्याच्या मधोमध अडकायच्या. ह्यांनी पाच पत्रं लिहिली, पाचही वेळा गोड नकार आला. त्यात नगरपालिकेच्या जिन्यात एक तसबीर ह्यांच्या नजरेस पडली. तसबिरीतला हा इथला लोहार दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला आणि तिथल्या एका राज्याच्या विधानसभेत तीनदा निवडून आला. तो उपरा असून आला, मग मी का नाही, असं ह्यांनी घेतलं मनावर.

दारोदार फिरले. प्रत्येक दारात आधी बूट काढायचे. लोक ह्यांच्या मोज्यांकडे बघत राहायचे आणि आमची लेक मैथिली लाजून जर्मनमध्ये कुरकुरायची.

इथे प्रत्येक मतदाराला एकाच उमेदवाराला तीनपर्यंत मतं देता येतात. हे ज्या गटातर्फे उभे होते, त्याला एकच जागा मिळाली, म्हणजे गटात ज्याला जास्त मतं, ती जागा त्याची. शेजारच्या निवृत्त नर्स फ्राऊ ब्रेंडल त्याच गटात होत्या. त्या दोन मतांनी पुढे गेल्या. मला रडूच कोसळलं.

घरी आल्यावर विचारलं, "स्वतःला तीन दिलीत ना?"

"स्वतःला कशी देणार? शोभतं का ते?"

"मग कुणाला दिलीत?"

"ब्रेंडलबाईंना. तीनही."

मी कपाळावर हात मारला. तिसऱ्या दिवशी तडक जाऊन बाईंना सगळं सांगितलं. बिचाऱ्या धावत आल्या. मी राजीनामा देते, म्हणजे जागा तुमच्याकडे येईल, म्हणाल्या. हे ऐकतायत कसले! लोकांनी तुम्हाला निवडलंय, तेवढं सिग्नलचं बघा, म्हणाले.

बाईंनी पहिल्याच बैठकीत विषय लावून धरला. सहा महिने लागले, पण आता हिरवा दिवा पंचवीस सेकंद राहतो. परवा एक आजी वॉकर ढकलत, न थांबता पलीकडे पोचल्या आणि हे भर फुटपाथवर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. लोक वळून बघत होते. मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मीही वाजवल्या.