बत्तीवाल्यांच्या घरामागचं टाकं

सोलापुरात आमच्या गल्लीतल्या बायका मला विचारतात, "आजी, तुमी म्हणं समुद्राकाठी राहायला होता. लई मजा की." मी म्हणते, व्हय, मजा होती. एवढ्यावर विषय मिटतो. म्हणून म्हटलं, एकदा बसून लिहून काढावं.

आमचे हे दीपगृहावर नोकरीला होते. गावातले लोक त्यांना बत्तीवाले म्हणायचे. मी बार्शीकडची. लग्न झालं आणि थेट कोकणात, समुद्रात शिरलेल्या एका डोंगराच्या टोकावर गेले. वर पांढरा मनोरा आणि त्याच्या पायाशी एका ओळीत तीन बसकी घरं. गोऱ्या साहेबाच्या काळातलं काम. काळा दगड, आणि भिंत अशी जाड की खिडकीच्या कोनाड्यात मी पाय पसरून बसायची. दारं सगळी जमिनीकडे. समुद्राकडे नुसत्या हातभर खिडक्या, कारण पावसाळ्यातला वारा त्या बाजूचा. मला आधी वाटलं, बांधणाऱ्याला समुद्राचा राग असावा. चुली घराबाहेर, मागच्या ओळीत. फरशी मात्र शहाबादी, आमच्या बाजूची. तिच्यावर पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. तिथं ओळखीचं तेवढंच होतं.

पाळी रात्रीची, झोप दिवसाची. तिन्ही घरांत कुणी ना कुणी दिवसा झोपलेलं, म्हणून तिथं दिवसा मोठ्यानं बोलायचं नाही असा नेमच होता. भांडं आपटायचं नाही, कडी वाजवायची नाही. माहेरी मी विहिरीवर बोलायची ते वेशीत ऐकू जायचं. तिथं मी दिवसभर कुजबुजायची, आणि रात्री हे मनोऱ्यावर गेले की कुजबुजायलाही माणूस नसायचं.

शेजारी बडे बत्तीवाले, म्हणजे ह्यांचे वरिष्ठ, आणि त्यांची बायको. ती रत्नागिरीकडची, मी तिला वहिनी म्हणायची. तिसऱ्या घरातला माणूस एकटाच. म्हणजे अख्ख्या डोंगरावर आम्ही दोघीच बायका. चुलींच्या मागं जमिनीत एक दगडी टाकं होतं, त्यावर लोखंडी झाकण. तिथलं बोलणं झोपलेल्यांना ऐकू जात नसे. सकाळी पोहरा सोडता सोडता आम्ही पोटभर बोलून घ्यायचो. पाणी कुठून येतं, हे मात्र मी विचारलं नाही. आता टाक्यात पाणी असतंच, त्यात काय विचारायचं?

पावसाळा सरला. माहेरून आणलेल्या मिरच्यांना दमट हवेनं बुरशी धरली होती. कडक ऊन पडलं तशी मी घराला शिडी लावली. आमच्याकडे माळवद कशाला असतं? मिरच्या, शेंगा, सांडगे वाळवायला. आणि हे घरावरचं सपाट धाबं तर माळवदाहून देखणं. घोटीव चुन्याचं, पांढरं, एका कोपऱ्याकडे जरासं उतरतं. म्हटलं, काय सोय केलीय बाईमाणसाची. सगळ्या मिरच्या पसरल्या.

दुपारी परतीच्या पावसाची सर आली. मी धावत चढले, भिजत भिजत मिरच्या पदरात गोळा केल्या. बऱ्याचशा वाचल्या म्हणून खुशीत खाली उतरले, तर वहिनी समोर उभी. भर दिवसा ती ओरडली, "बूच घातलंस काय गो?"

"कसलं बूच?"

तिनं कपाळावर हात मारला. मग मला कळलं. डोंगरावर विहिरीला पाणी लागत नाही, म्हणून बांधणाऱ्यानं घरच विहिरीसारखं बांधलं होतं. धाब्याचा उतार पन्हळीकडे, पन्हळीतून पाणी टाक्यात. चार महिने भरायचं, आठ महिने प्यायचं. पावसाच्या तोंडावर धाबं धुवायचं, पन्हळीला बूच घालून पहिल्या सरी वाहून जाऊ द्यायच्या, मग बूच काढायचं. ते अजून काढलेलंच होतं. भरलेल्या टाक्यात माझ्या बुरसटलेल्या मिरच्यांचं पाणी, बिया आणि देठं गेली होती.

बड्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, चूळ टाकली आणि म्हणाले, "सोलापूरकरीण, रस्सा झक्क झालाय. आता भाताला पाणी कुठून आणायचं?" चार दिवसांत वास सुटला आणि टाकं उपसावं लागलं.

पाणी आता खालच्या कोळीवाड्यातून. आमच्या आणि वहिनीच्या, दोन्ही घरांच्या खेपा मी घालू लागले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. चढाचं मला काही नव्हतं. पण वहिनी माझ्याशी बोलायची बंद झाली होती. बोलायला एक माणूस होतं, तेही मी मिरच्यांपायी घालवलं. मी तिच्या दारात घागर ठेवायची. "वहिनी, आज वाटेवर साप दिसला." ती घागर उचलून आत न्यायची.

हे म्हणाले, "बोलंल की. जाऊ दे आठ-पंधरा दिवस." संक्रांत आली. मी तिळगूळ घेऊन गेले. तिनं माझा घेतला, तिचा माझ्या हातावर ठेवला आणि 'गोड बोल' एवढं म्हणायचं गाळलं.

वैशाखात बड्यांच्या बदलीचा कागद आला. निघायच्या आदल्या दिवशी वहिनी दारात आली, हातात खराटा. "चल वर." त्या दिवशी तिनं मला धाबं धुवायला शिकवलं. चुन्यात चीर कुठं पडते, ती कशी बुजवायची, बुचाला चिंधी कशी गुंडाळायची. मी विचारत होते, ती कामापुरतं बोलत होती. शेवटी न राहवून म्हटलं, "वहिनी, अजून राग हाय का?"

"राग कधीच गेला गो. पण बोलले असते तर तू पाणी आणलं असतंस काय?"

मला हसू आलं आणि रडूही. ती खराटा झटकत म्हणाली, "आणि चूक माझीही होती. मी तुला सांगायला हवं होतं. आता नवी बाई येईल, तिला तू पहिल्या दिवशी सांग."

नवी बाई आली नाही. बड्यांच्या जागी आलेल्या माणसानं बिऱ्हाड आणलं नाही. पुढं दिवा आपोआप लागणार असं ठरलं, आणि वरच्या साहेबांनी कुटुंबं पाठवायचंच बंद केलं. मी दर वर्षी धाबं धुवायची. काय काय सांगायचं ते सगळं तोंडपाठ होतं. एकदा शेजारच्या बंद दारासमोर उभी राहून मी ते बोलूनच टाकलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्यानं. हे झोपेतून उठून बाहेर आले.

"कोण आलंय?"

"कुणी न्हाय," मी म्हटलं. "झोपा तुमी."