योहानने वाटेतच सोडलेलं ओझं

हारो ब्रोडरसनने चाळीस वर्षं जर्मनीतल्या कीलच्या खाडीत मासे धरले आणि म्हातारपणी समुद्राच्या तळाचा कानोसा घेणाऱ्यांची बोट हाकायला घेतली. शेत नांगरावं तसं सरळ, अगदी हळू, जायचं आणि यायचं. बोटीखालचं यंत्र गाळात आवाज सोडी. दगड एकदाच उत्तर देऊन गप्प बसे. युद्धातला लोखंडी बॉम्ब मात्र क्षणभर गुणगुणत राही. ती गुणगुण पडद्यावर ओळखायची विद्यापीठातली इम्के.

"कप्तान, रेघ वाकडी गेली," ती म्हणे.

"समुद्रच वाकडा आहे, पोरी."

मोजणीचा शेवटचा दिवस होता. बॉम्ब बुडवायला नेमून दिलेली जागा तपासून झाली होती. तिच्या अलीकडचा पट्टा न तपासताच सुरक्षित म्हणून मोकळा होणार होता, आणि तिथेच हारोची मुलगी गेशे नांगर टाकून शिंपले वाढवायचे दोर बांधणार होती.

युद्ध संपल्यावर हारोचे वडील योहान उरलेले बॉम्ब त्या जागी बुडवायला बोटीने वाहून नेत. एकदा वारा फिरला, लाटा बोटीत यायला लागल्या. योहानने ओझं अर्ध्या वाटेतच सोडलं आणि पोचतं केलं म्हणून सही दिली. मरताना हे एकट्या हारोला सांगितलं, आणि खूणही सांगितली: चर्चचा मनोरा पवनचक्कीमागे दडतो, ती रेषा.

त्याच चर्चच्या छताला योहानने कोरलेलं लाकडी जहाज टांगलेलं आहे, खाली त्याचं नाव. दर ईस्टरला हारो त्याची धूळ पुसतो. ते नाव गावात खाली कसं पाडायचं?

तरी त्याने सुकाणू त्या रेषेकडे वळवलं. इम्केने विचारलं, तर दोन फेऱ्या जास्तीच्या, एवढंच म्हणाला. दोन्ही फेऱ्यांत नुसते दगड निघाले. परत जाऊ या, इम्के म्हणाली. हारोला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेचीच लाज वाटली.

त्याने पुन्हा किनाऱ्याकडे पाहिलं. ही पवनचक्की नवी. जुनी जळाली तेव्हा तो शाळेत होता; नवी पूर्वेला सरकून बांधली आणि जन्मभर तो तिच्या खुणेवरच बोट हाकत आला. जुनीच्या जागी आता दूधडेअरीचं लाल छप्पर होतं. मनोरा त्या छपराच्या रेषेत येईपर्यंत त्याने बोट सरकवली.

तिसऱ्या फेरीत इम्केचा हात थांबला. गाळाखाली एक गुणगुणला, मग दुसरा. अकरा मोजून झाल्यावर तिने नोंदवही उघडली.

"माहिती कोणाची लिहू, कप्तान? स्थानिक मच्छीमार म्हटलं तरी चालेल."

हारोने टोपी काढली.

"योहान ब्रोडरसन लिही. उशीर माझा झाला, तोही लिही."

मग त्याने गेशेला फोन लावला. नांगर टाकू नकोस म्हणाला, आणि का ते सगळं पहिल्यापासून सांगायला लागला.