झरीवरचं ओलं फडकं

आंबेनळी घाटात एका वळणावर कड्यातून झरी पाझरते. तिथं थांबल्याशिवाय कुशाबाची गाडी कधी वर गेली नाही. तरण्या वयात तो जीप चालवायचा, तेव्हा उस्तादानं शिकवलं होतं की चढाला इंजिन तापलं की पेट्रोलची वाफ होते, गाडी आचके देते. म्हणून झरीवर फडकं भिजवायचं आणि इंजिनाजवळच्या पंपावर गुंडाळायचं. उस्ताद गेला, जीपही गेली. आता कुशाबाकडे जुनी इंजेक्शनची गाडी होती. हवा किती, पेट्रोल किती, हे तिचं तीच मोजायची. तरी कुशाबा झरीवर उतरायचा, फडकं भिजवायचा आणि इंजिनावरून गेलेल्या पेट्रोलच्या नळीवर मायेनं पसरायचा.

घाटावरच्या त्याच्या वाडीत दुसरी गाडी नव्हती. बाजार असो, दवाखाना असो, माहेरवाशीण आणायची असो, लोक म्हणायचे, "कुशाबा हाय ना, मग झालं तर!" हे ऐकायला मिळावं म्हणून तो मुद्दाम पारावर जरा जास्त वेळ गाडी पुशीत बसायचा.

पण दिवाळी सरली आणि गाडी पेट्रोलनं घमघमायला लागली. मागून काळा धूर निघे. बाया नाकाला पदर लावत, पोरं वळणावळणाला ओकत. हवा-पेट्रोलचं मिश्रण कमीजास्त करायचा बारीक स्क्रू कुशाबानं हुडकून काढला. कानानं ऐकत तो फिरवला, पेट्रोल कमी केलं. गाडी थोडे दिवस गप बसली आणि पुन्हा तेच. तो फिरवत राहिला, ती धुमसत राहिली. हळूहळू लोक खालून रिक्षा मागवू लागले. पारावरून कोणी हाक मारीना.

मुंबईहून मुलाचा, विनीतचा, फोन आला. "बाबा, बास झालं आता. रविवारी भंगारवाला येतोय. त्याला नाय म्हणू नका."

कुशाबानं फोन ठेवला. गाडी जाईल ती जाईल. पण गाडीवाचून वाडीत कुशाबा म्हणजे कोण, हे त्याला आठवेना. शनिवारी तो जेवलाच नाही. शेवटचं मेकॅनिकला दाखवून बघू म्हणून घाटाखाली पोलादपूरला निघाला. बायको, प्रयागबाई, मुठीत लिंबू धरून शेजारी बसली.

हायवेच्या कडेला बापामागं गॅरेज चालवणारी आम्रपाली हात पुशीत बाहेर आली. तिनं बॉनेट उघडलं.

"काका, स्क्रू कोणी फिरवला?"

"मीच. कानानं."

"कान झकास हाय तुमचा. दुखणं दुसरीकडं हाय." तिनं ओलं फडकं दोन बोटांनी उचललं. "आणि हे?"

"त्यांच्या जीपवाल्या उस्तादाचं! झरीवर भिजवत्यात!" प्रयागबाई म्हणाली. "घरात मला भांडं पुसायला फडकं मिळत नाय गो, आणि इंजिनाला रोज धुतलेलं!"

फडक्याखालून आम्रपालीनं एक वायर उपसली. टोकाच्या पिनेवर हिरवी बुरशी आली होती. "इंजिन किती तापलं हे सांगणारा सेन्सर हाय हा. तुमच्या पाण्यानं पिन गंजली. इंजिन कढतंय आणि हा आत कळवतो, मी गार पडलोय. मग आतलं डोकं, म्हंजे कॉम्प्युटर, पेट्रोल ओततंय, ओततंय. स्क्रू फिरवून किती पुरणार?"

कुशाबाचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच..."

"जीपला बरोबर होतं, काका. हिचा पंप मागं टाकीत, पेट्रोलात बुडलेला असतो. त्याला तुमची झरी कशाला?"

तिनं नवी पिन जोडली. इंजिन चांगलं तापू दिलं. शेजारच्या धूर तपासणीवाल्याचं यंत्र आणवलं, त्याची नळी सायलेन्सरमध्ये घातली आणि स्क्रूड्रायव्हर कुशाबाच्या हातात दिला.

"मी धुराचा आकडा बघते. तुम्ही फिरवा. सावकाश."

कुशाबानं मान कलती केली. आधी इंजिन अडखळत होतं, चढण चढून आलेल्या माणसासारखं. मग श्वास लांबला. मग तो एकसारखा झाला. कुशाबाचा हात थांबला, आणि त्याच क्षणी आम्रपाली म्हणाली, "बस!"

तिनं वर बघितलं. "आकडा तुम्हाला दिसत होता काय?"

कुशाबा गालात हसला. हसायला त्याला बऱ्याच दिवसांनी जमलं. त्यानं विनीतला फोन लावला. "त्या भंगारवाल्याला सांग, रविवारी मटण खायला येतोस तर ये. गाडी नाय मिळायची."

परतीच्या वाटेला घाट निळा पडत चालला होता. वास नव्हता, धूर नव्हता. पहिल्याच चढाला प्रयागबाईला डुलकी लागली; लिंबू मुठीतून निसटून पायाशी घरंगळत राहिलं. तिला गाडीत झोपलेलं बघून कुशाबाला छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं.

झरी आली आणि पाय आपसूक ब्रेकवर गेला. तो उतरला. फडकं भिजवलं, पिळलं, बॉनेटपाशी आला. तिथं जरा वेळ उभा राहिला. मग त्या फडक्यानं त्यानं आपलं तोंड पुसलं, मान पुसली, अगदी निवांत.

प्रयागबाईनं एक डोळा उघडला. "अवो, तापलात काय?"

"व्हतो," कुशाबा म्हणाला. "निवलो आता."