लाल नकाशा आणि आम्ही तिघं

उन्हाळा आला की आमच्या ऑफिसात कूलरच्या आवाजापेक्षा हसण्याचा आवाज मोठा असतो! काम तसं गंभीर. येत्या वीस-तीस वर्षांत विदर्भातल्या जंगलांत कुठे आग लागण्याचा धोका आहे, ते नकाशावर दाखवायचं. जास्त धोका तिथे लाल, कमी तिथे हिरवा. आम्ही तिघं: देशकर सर, बावणे आणि मी. धरमपेठेत स्क्रीनसमोर बसणाऱ्यांकडे कसले आलेत किस्से, असं वाटतं ना? ऐका तर!

*

आमचा पहिलाच उन्हाळा. सॅटेलाइटच्या फोटोत जंगलाच्या कडेला एक लालभडक ठिपका! जुना डेटा काढला, तर दरवर्षी तिथेच ठिपका. सर खुर्चीतून उडालेच. "एकाच जागी दरवर्षी आग! मोठं घबाड सापडलं!"

लगेच जीप काढली. धुरळा खात पोचलो, तर समोर वीटभट्टी! तरीही सरांनी मालकाला चाचरत विचारलं, "ही आग... दरवर्षी लागते?"

"लागत नाही साहेब, मी लावतो!"

*

एकदा मी घाईत डबा न घेताच निघाले, तेव्हा आईनं मनीषनगरच्या आमच्या फाटकातच अडवलं. "कोणती आग शोधून राहिली वं तू?"

"पुढच्या वीस वर्षांत लागू शकेल ती."

"मंग जेवून जा ना! आत्ताच कुठं पेटून राहिली ते?"

*

एका गावात बैठक होती. भिंतीवर नकाशा लावला, तसे सरपंच तावातावानं उठले. "शेजारचं गाव लालेलाल आन आमचं हिरवं? काहून गा?"

बावणे खुशीत म्हणाला, "अभिनंदन काका! तुमच्याकडे धोका कमी आहे."

"म्हंजे त्याइले आग विझवाची मशीन भेटन, आन आम्हाले नुसतं अभिनंदन?"

*

मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात. ठिणगी उडाली की वणवा! बावणेनं एका मावशींना समजावलं, "वरून सॅटेलाइट सगळं पाहते बरं!"

मावशींनी आभाळाकडे पाहिलं. "रिकामंच दिसते ते. खाली ये म्हणा त्याले, फुलं वेचू लागन!"

पुढच्या उन्हाळ्यात बावणे झाडाखाली पसरायला जाळी घेऊन गेला. फुलं जाळीत पडली, पाला जाळायचं कामच उरलं नाही. मावशी खूश!

*

आणि हा किस्सा यंदाच्या मे महिन्यातला. एक डोंगरउतार आम्ही लाल दाखवला होता. पायथ्याशी एक छोटी वस्ती. "इथं कधीच आग लागली नाही," असं जो तो म्हणे. पण वाळलेला बांबू, चढ आणि उन्हाळी वारा, सगळं वस्तीकडे बोट दाखवत होतं. तिथे जाळरेषा होती, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पालापाचोळा काढून मोकळा ठेवलेला पट्टा. सर अडूनच बसले, "पट्टा दुप्पट रुंद करा!" तिथल्या वनरक्षक सुनीताताईंनी गावकऱ्यांना सोबत घेऊन भर उन्हात तो करून घेतला. लोक चिडले, सरांना नावं ठेवली. सर वरून शांत, पण डबा तसाच परत नेत.

एका दुपारी सुनीताताईंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, आग लागली जी! तुमच्या नकाशातल्या लाल उतारावरच!"

बावणे ओरडला, "बरोबर आलं!" सरांनी टेबलावर थाप मारली. आणि मी, काय सांगू, चक्क टाळ्या वाजवल्या!

पलीकडे नुसता फांद्या तडतडल्याचा आवाज. मग सुनीताताईंचा घोगरा आवाज आला.

"इथं जंगल जळून राहिलं मॅडम. टाळ्या काहून वाजवून राहिले जी तुम्ही?"

फोन कट! आम्ही तिघं एकमेकांकडे पाहायलाही तयार नाही. सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. बावणेनं दहादा फोन लावला. लागेना.

उन्हं कलल्यावर फोन वाजला. सुनीताताई धापा टाकत होत्या. मागे माणसांचा नुसता गलका.

"मॅडम, आग जाळरेषेपाशी आली आन तिथंच थांबली! वस्ती वाचली जी! सर आहेत ना तिथं?"

"आहेत."

"मंग वाजवा आता!"