पाहुण्याचं पाणी

टोकावड्याच्या अलीकडच्या पाड्यावर मैनाच्या हातचं पाणी प्यायल्याशिवाय पाहुणा उठत नाही. लुगड्याच्या तिहेरी घडीतून गाळायचं, तुरटीचे सात वेढे द्यायचे, मगच तांब्या पुढे करायचा. सासूने लावलेली ही शिस्त तिने वीस वर्षं मोडली नाही. एवढी टापटिपीची बाई, आणि तिच्याच विहिरीला नाल्याचा रंग लागला. वरच्या अंगाला कापड रंगवायची शेड आली तेव्हापासून पाणी लालसर येतं. प्यायचं पाणी आता डोंगरातल्या झऱ्यावरून, रोज दोन खेपा.

मुरबाडच्या कॉलेजातल्या सरिता मॅडमनी विहिरीशेजारी काचेचा ट्रे मांडला. तळाला पांढरी पूड बसवलेली. तिचे कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजार मावावेत. ऊन पडलं की ती पूड पाण्यातला रंग तोडते. मैनाने दर मंगळवारी ट्रेमध्ये विहिरीचं पाणी ओतायचं आणि ऊन कललं की दोन बाटल्या भरून ठेवायच्या, एक विहिरीची, एक ट्रेमधली. जमलं तर मोठी टाकी बसणार होती आणि खेपा सुटणार होत्या. मैनाने एकही मंगळवार चुकवला नाही.

तीन महिन्यांनी मॅडम ट्रे उचलायला आल्या. दोन्ही बाटल्यांत फारसा फरक दिसत नव्हता, म्हणजे पूड कुचकामी. मैनाला फार वाईट वाटलं, पण वाद घालणं तिच्या स्वभावात नाही. शेवटच्या बाटल्या भरून देते म्हणाली, आणि मॅडमच्या देखतच विहिरीचं पाणी गाळून त्यात तुरटी फिरवू लागली. लाल रंग गाळाबरोबर तळाला बसू लागला.

"मैनाताई, हे दर वेळी करता?"

"मंग? गढूळ पानी कोनाच्या हातात देतात का मॅडम?"

ट्रेमध्ये मात्र ती थेट बादली ओतायची. ट्रे काही पाहुणा नव्हता. कॉलेजातल्या शहाण्यांनी तिला बाटली कशी धुवायची ते दोनदा शिकवलं होतं. पाणी आहे तसं भरायचं, हे सांगायचं राहून गेलं होतं.

मॅडमनी ट्रे परत जागेवर ठेवला, त्यात नवं पाणी ओतलं आणि न गाळलेली बाटली मागितली. मैना जागची हलेना. शेवटी तोंड फिरवून तिने ती भरली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मॅडम नेहमीप्रमाणे बाटलीच्या चिठ्ठीवर तिचं नाव लिहायला लागल्या, तेव्हा तिने त्यांचं पेन धरून अडवलं.

"याच्यावर माझा नाव नका लिवू."

मॅडमनी नुसतं 'विहीर' लिहिलं. ऊन कलेपर्यंत दोघी बसून राहिल्या. ट्रेमधलं पाणी निवळलं होतं. ती बाटली मैनाने आपणहून भरली, उन्हाकडे धरून पाहिली आणि पुढे केली.

"याच्यावर लिवा," ती म्हणाली.